बाजूला काढलेली वडी

१

चंद्रप्रकाश शेठनी असल्फ्याच्या टेकडीखाली पावडरचा कारखाना काढला, तेव्हा मुंबईतल्या बायकांचे चेहरे त्यामुळे किती उजळले हे सांगणं कठीण आहे. पण गाळ्यात काम करणाऱ्यांच्या भुवया मात्र पहिल्या दिवसापासून पांढऱ्या झाल्या. कारखाना हा शब्द शेठचा. बाहेरून बघणाऱ्याला ती पिठाची गिरणी वाटे, आणि एकदोघी बायका गव्हाचा डबा घेऊन आतही आल्या होत्या.

इथे डबीतली पावडर तयार होई. झाकणात आरसा असलेली ती चपटी डबी, मुली पर्समध्ये ठेवतात आणि बसस्टॉपवर उघडून बघतात ती. चाळलेली पावडर पत्र्याच्या उथळ वाटीत भरायची, वर मऊ कापडाचा तुकडा पसरायचा, आणि प्रेसचा दांडा ओढून पितळी ठसा त्यावर दाबायचा. दांडा वर गेला, कापड हलकेच सोलून काढलं, की खाली वडी तयार. वडीवर जाईची वेल उठलेली. हा ठसा कोरणारा कारागीर जन्मभर बिस्किटांचे साचे करत आला होता, त्यामुळे सुरुवातीच्या वड्या चहात बुडवाव्याशा वाटत. पुढे त्यानं ठसा दुरुस्त करून दिला आणि जाई जाईसारखी दिसू लागली.

प्रेसवर पद्मजा बसे. कारखाना निघाला तेव्हापासून तीच. वय पन्नाशीकडे झुकलेलं. तिचं लग्न राहून गेलं होतं. राहून गेलं असं नातेवाईक म्हणत, बसमध्ये छत्री राहून जावी तसं. मुलुंडला गव्हाणपाड्यात चाळीतल्या दीड खोलीत ती आईबरोबर राहायची. दिवाळी सरली आणि आई गेली. मग दीड खोली एकटीला फार मोठी झाली.

प्रेसच्या कामात सगळी मेख कापडाची. बाजारातलं कोरं कापड खळीचं असतं, ते पावडरला चिकटतं आणि वेलीची पानं उपटून वर आणतं. धुऊन धुऊन विरायला आलेलं सुती पाहिजे. गोधडीला किंवा बाळाच्या दुपट्याला घरोघर जुनं पातळ काढतात ना, तसलं. आईच्या तेराव्यानंतर शेजारणींनी पद्मजाला बजावलं होतं, की गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत, देऊन टाकावेत. बाकीचे कपडे भावजयीनं, नलिनीनं, परस्पर देऊनही टाकले होते. ट्रंकेत एक पांढरं पातळ तेवढं उरलं होतं. पद्मजानं ते गाळ्यात आणलं आणि त्याचे चौकोनी तुकडे कापून प्रेसला लावले. आता ते घरातही नव्हतं आणि दिलेलंही नव्हतं. रीत मोडली नाही आणि पातळही गेलं नाही, या हिशेबावर ती मनातून खूश होती.

"काय गो पद्माबाय," वड्या डबीत चिकटवणाऱ्या रुक्मिणीनं विचारलं, "ह्या कापड खयचा?"

"आईचं आहे."

रुक्मिणीचा हात थांबला. "मेल्या माणसाचा कापड असा दाबत बसाचा नसता. मी सांगतंय तुका."

"मग कुणाचं दाबू? शेठचं धोतर आणू?"

रुक्मिणी हसली, पण त्या दिवशी तिनं त्या वड्या चिमटीनं उचलल्या.

२

बिघाड पहिल्यांदा दिसला तो जेवणाच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या वडीवर. कापड सोललं, आणि वेल खालच्या अंगाला पुसलेली. एक पान अर्धं, एक कळी नाहीशी, आणि तिथे बोटाच्या पेराएवढा गुळगुळीत खळगा.

तडा गेलेल्या वड्या पद्मजानं ढिगानं पाहिल्या होत्या. पावडर बांधायला घातलेलं तेल कमी पडलं की वडी भुगा होते, जास्त झालं की काचेसारखी होते. हे तसलं काही नव्हतं. हे कुणीतरी वापरलेल्या वडीसारखं होतं. डबी विकत घेऊन घरी नेली, उघडली, बोट टेकवलं आणि पावडर घेतली, की जसं दिसतं तसं. फक्त ही वडी आत्ताच, तिच्या डोळ्यांदेखत, ठशाखालून निघाली होती.

तिनं ठसा पाहिला. ठशावर कळी शाबूत होती. वाटी पाहिली, ती सपाट होती. कापडाला घडी पडली असेल म्हणावं, तर घडीची रेघ उठते, खळगा पडत नाही. तिनं वडी फोडून पावडर परत चाळणीत टाकली आणि दुसरी दाबली. ती उत्तम निघाली. त्यापुढच्या सगळ्या उत्तम निघाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली वडी पुन्हा तशीच. जेवणानंतरची पहिली तशीच. कापडाला थोडी विश्रांती मिळाली की पुढची वडी उष्टी निघे. उष्टी हा शब्द तिच्या मनात आपोआप आला आणि तिला तो आवडला नाही.

शेठ लग्नसराईच्या मालासाठी घायकुतीला आलेला. टेबलावरची फोडलेली वडी बघून म्हणाला, "पद्माबेन, हात दुखतो काय? दुखत असेल तर बोला. भिवंडीला एक जण मोटरवाला प्रेस विकतोय. त्याला हातबित नसतात."

पद्मजानं फोडलेली वडी चाळणीत लोटली. प्रेस गेला तर काम गेलं, आणि काम गेलं तर दहिसरला नंदूच्या घरी जाण्याला नाही म्हणायला तोंड उरणार नव्हतं. नंदू तिचा धाकटा भाऊ. आई गेल्यापासून त्याचं एकच पालुपद होतं: खोली विकू, तू आमच्याकडे ये. आमच्याकडे म्हणजे स्वयंपाकघरात, ओट्याखाली वळकटी ठेवून.

३

तिनं कोरं कापड लावून पाहिलं. वेल उपटली, पण खळगा पडला नाही. जुनं पातळ परत लावलं. खळगा पडला.

त्या दुपारी रुक्मिणी चहाला बाहेर गेली होती. गाळ्यात पत्रा तापल्याचा टकटक आवाज आणि शेजारच्या गाळ्यातल्या लेथची घरघर. पद्मजा ती उष्टी वडी हातात घेऊन बल्बाखाली बसली, आणि तिला आई आठवली.

आई फार लवकर विधवा झाली. पावडर, कुंकू, गजरा हे सगळं एका दिवसात बंद. पण पद्मजा फुटक्या वड्यांचे तुकडे घरी नेई, तेव्हा आई दार लोटून घेई आणि अनामिकेनं एक बोट पावडर गालाला लावून आरशात बघे. मग लगेच पदरानं पुसून टाकी. "बघत होते गं, तुमचा माल कसा आहे ते," म्हणे. माल रोज बघावा लागे.

अनामिकेचंच बोट हे. पद्मजानं आपली अनामिका त्या खळग्यात ठेवून पाहिली. बोट नीट बसलं. किंचित सैलच बसलं. डोळ्यांत पाणी आलं, आणि पावडरच्या धंद्यात ते चालत नाही म्हणून तिनं तोंड बाजूला केलं.

त्यानंतर सकाळची पहिली वडी ती फोडीनाशी झाली. श्राद्धाला आधी पितरांचं पान वाढून बाजूला ठेवतात, तशी ती पहिली वडी दाबून बाजूला काढी आणि हळूच म्हणे, "हं, घे." मग दिवसभर एकही वडी बिघडत नसे. जेवणानंतरचीसुद्धा नाही. शेठचा भिवंडीचा प्रेस भिवंडीलाच राहिला.

हे सगळं वेडेपणाचं आहे, हे तिला कळत होतं. पण वर्षानुवर्षं ती शहाणपणानं वागली होती आणि त्यातून काय निघालं, तर दीड खोली.

४

आठवड्याभरानं ती बाजूला काढलेली वडी एका डबीत बसवून, पातळाच्या तुकड्यात गुंडाळून घरी घेऊन गेली. आतल्या खोलीत फळीवर, आईच्या आरशाखाली, तिनं डबी ठेवली. "आता तिकडे यायची दगदग नको," ती म्हणाली. "इथेच राहा."

दुसऱ्या दिवशी कामावरून परत येऊन डबी उघडली, तर वेलीचं एक पान गेलेलं. तिसऱ्या दिवशी कळी. घरात पावडरचा वास येऊ लागला. तसा तो तिच्या अंगालाच यायचा, पण आता कुलूप उघडताक्षणी दारातच भेटे. कधी ती मोरीत तोंड धूत असताना बाहेर टिच् असा बारीक आवाज होई. डबीचं झाकण मिटल्याचा तो आवाज तिनं झोपेतसुद्धा ओळखला असता. टॉवेलनं तोंड पुसत ती म्हणे, "पुरे आता, दृष्ट लागेल."

ती दोघींचा चहा टाकू लागली. एक कप गार होऊन जाई, पण गार होईपर्यंत बोलायला बरं वाटे. शेठच्या नकला, रुक्मिणीच्या सुनेच्या कागाळ्या, आणि शेजारच्या खोलीत आलेला रंगीत टीव्ही, ज्याच्यात निवेदिकेचा चेहरा कधी हिरवा तर कधी जांभळा दिसे.

नंदू आला तेव्हा ती इतकी आनंदात होती, की त्याला संशयच आला.

"ताई, तुझी तब्येत बरी आहे ना?"

"झकास आहे. का रे?"

"नाही, म्हणजे... एकटीनं राहणं बरं नाही. लोक मला बोलतात. खोलीला गिऱ्हाईक आलंय चांगलं."

"गिऱ्हाईकाला सांग, इथे माणसं राहतात."

"माणसं? तू एकटी तर आहेस."

पद्मजानं हसून त्याच्यापुढे पोहे ठेवले. नंदूनं खाताना दोनदा मागे वळून पाहिलं. कशासाठी पाहिलं, ते त्यालाही सांगता आलं नसतं. पोहे अर्धे टाकून तो उठला.

५

वडी संपली की ती दुसरी आणे. आधी एक वडी बरेच दिवस पुरे. मग लवकर संपू लागली. मग अशी वेळ आली, की सकाळी ठेवलेल्या वडीच्या जागी संध्याकाळी पत्र्याची वाटी खरवडल्यासारखी लखलखीत असे.

आई काटकसरी बाई. साबणाचा शेवटचा पापुद्रा नव्या साबणाला चिकटवणारी. मेल्यावर माणूस सढळ होत असेल, असं पद्मजानं स्वतःला समजावलं.

पण एक गोष्ट तिच्या मनातून जाईना. पावडर घेतली जात होती, तर ती कुठेतरी लागतही असली पाहिजे. इतक्या वड्यांची पावडर. फळीवर सांडलेली नव्हती, जमिनीवर नव्हती. पावडर काही हवेत विरत नाही. तिला बसायला काहीतरी लागतं. पावडर कशावर बसते आणि कशावरून झडते यातच जिचं आयुष्य गेलं, तिला हा प्रश्न टाळता येत नव्हता.

एके दिवशी केर काढताना तिला आतल्या दाराच्या चौकटीला, अगदी वरच्या आडव्या पट्टीला, एक फिकट पट्टा दिसला. दारातून जाताना उंच माणूस वाकायला विसरावा आणि त्याचं कपाळ घासावं, तसा. आई इतकी ठेंगणी होती, की आरसासुद्धा तिच्यासाठी खाली लावलेला. पद्मजाला त्यात बघायला वाकावं लागे.

चुना असेल, ती म्हणाली. मग स्टुलावर चढून तिनं पट्ट्यावर बोट फिरवलं. चुन्याला गुलाबी झाक नसते. ही त्यांच्या गाळ्यातली दोन नंबरची छटा होती. तिनं ओलं फडकं आणून पट्टा पुसला, आणि त्याचा विचार करायचा नाही असं ठरवलं. अशा ठरवण्याची तिला जुनी सवय होती.

मात्र त्या संध्याकाळी चहाच्या वेळी ती गप्प बसली. खोलीही गप्प होती. आधीही खोली कधी बोलत नव्हतीच. पण आज ती ऐकत होती.

६

रविवारी संध्याकाळी नलिनी आली. सगळी चाळ टीव्हीवरचा सिनेमा बघायला एका खोलीत कोंबलेली, गॅलरीत चपलांचा ढीग, बाकी चिटपाखरू नाही. नंदू खाली रिक्षा थांबवून उभा होता. या वेळी त्यानं बायकोला पुढे केलं होतं.

"वन्सं, मी काही खोलीचं बोलायला नाही आले," नलिनी चटईवर बसत म्हणाली. "खोली राहू दे. नुसत्या चार दिवस चला. हे मागे इथून आले ते तापानं फणफणले. म्हणतात, ताईच्या घरात मला कसंतरी झालं."

"त्याला लहानपणापासून कसंतरी होतं."

"वन्सं."

नलिनी वाईट नव्हती. पद्मजाला ते माहीत होतं, म्हणूनच तिच्यावर नीट रागावताही येत नसे. आणि कुणालातरी सांगावंसं तिला फार दिवसांपासून वाटत होतं.

"नलू, मी एकटी नाहीये गं," ती म्हणाली. "हसू नकोस. आईचं ते पातळ मी ठेवलं होतं ना ट्रंकेतलं? त्याचा तुकडा गाळ्यातून घरी आणल्यापासून... आई आहे इथे."

नलिनी हसली नाही. तिचा चेहरा ओशाळा झाला. भाजी करपली आणि पाहुण्यांना वाढून झाल्यावर ते कळलं, तर व्हावा तसा.

"वन्सं, रागावणार नाही ना? ते पातळ आईंचं नाही हो."

"म्हणजे?"

"तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी बोहारीण आली होती. तुम्ही कामावर. मी म्हटलं, गेलेल्या माणसाचं एक धांदोटंही घरात नको, सगळं देऊन टाकलं. मग वाटलं, तुम्ही ट्रंक उघडाल, रिकामी बघाल, रडाल. म्हणून तिच्याच गाठोड्यातलं एक तसंच पांढरं पातळ मागून घेतलं आणि घडी करून ठेवून दिलं. तुम्हाला तेवढाच आधार म्हणून."

शेजारून सिनेमातलं गाणं ऐकू येत होतं. सगळी चाळ एकदम हसली.

"मग ते कुणाचं?" पद्मजानं विचारलं.

"कुणास ठाऊक. बोहारीण म्हणाली, एका घरी बाई गेली, तिचं सगळंच्या सगळं त्यांनी उंबऱ्याबाहेर आणून ठेवलं. भांडं कुठलं देऊ विचारलं, तर म्हणाले, भांडं नको, वाटीसुद्धा नको, तू फक्त घेऊन जा." नलिनी थांबली. "तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. फुकट मिळालं म्हणून तीही खुशीत होती."

पद्मजानं आतल्या दाराकडे पाहिलं. त्या दिवशी पुसलेल्या पट्टीवर पुन्हा पट्टा उठला होता.

"थांब," ती उठत म्हणाली. "पिशवी भरते. तू खाली हो, मी आलेच."

"येताय? खरंच?" नलिनीचा जीव भांड्यात पडला. ती चपला घालून भराभरा जिना उतरू लागली.

७

पिशवी आत खुंटीला होती. आत जाऊन पिशवी काढायची आणि बाहेर यायचं. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. पद्मजा खाली मान घालून आत गेली आणि तिनं पिशवी काढली. फळीवर टिच् असा आवाज झाला आणि तिची मान वर गेली.

फळीसमोर, छताच्या जवळ, पावडर होती.

ती पडत नव्हती, उडत नव्हती. ती बसलेली होती. एका गालाचा उंचवटा, खाली जबड्याची कड, वर अर्ध्या कपाळाचा भाग. पावडर जिथे लागली होती तेवढंच होतं. त्याच्या पलीकडे फळी होती, चहाचे डबे होते, संध्याकाळचा उजेड होता. लावणारीनं मन लावून लावली होती. थर एकसारखा, कुठे डाग नाही, कुठे चट्टा नाही. दुसरा गाल अजून व्हायचा होता.

ही आई नव्हती. पद्मजाच्या ओळखीचं त्यात काहीच नव्हतं.

"वन्सं!" खालून नलिनीची हाक आली. "येताय ना? रिक्षावाला थांबत नाही म्हणतोय!"

हाकेसरशी तो अर्धा चेहरा दाराच्या दिशेनं वळला. डोळे नव्हते, ओठ नव्हते, तरी पद्मजाला कळलं की त्याला हाक समजली आहे. या घरातलं माणूस निघालंय, हे त्याला समजलं आहे. गालाचा उंचवटा जरासा खाली आला. ओट्याखाली पद्मजाची वळकटी कुठे ठेवणार, हे नंदू हातानं दाखवत होता त्या दिवशी तिनं आपला गाल तसाच खाली येताना आरशात पाहिला होता.

तिचे पाय निघायला तयार होते, पिशवी हातात होती. मागे बाहेरची खोली, तिच्यापुढे गॅलरी, जिना, रिक्षा, माणसं. भीतीनं तिनं पिशवी छातीशी धरली.

"तू जा, नलू," ती ओरडली. "माझं नाही जमायचं!"

खाली काहीतरी बोलणं झालं. नंदूचा वैतागलेला आवाज. मग रिक्षा फटफटत गेली. शेजारी सिनेमात कुणीतरी रडत होतं.

पद्मजानं पिशवी खाली ठेवली. फळीवरून डबी घेतली आणि उघडली. वडी जवळजवळ संपली होती. कडेला वेलीचा एक तुरा तेवढा उरलेला. तिनं त्यावर आपलं बोट टेकवलं. हजारो बायकांच्या गालांची पावडर तिच्या हाताखालून गेली होती, पण दुसऱ्याच्या गालाला पावडर लावायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

वरचा चेहरा वाकला. सावकाश वाकत तो तिच्या तोंडासमोर आला, आणि न रंगवलेली, न दिसणारी बाजू तिच्याकडे करून थांबला.

गाल गार लागणार, अशी तिनं मनाची तयारी केली होती. डोळे मिटून तिनं बोट पुढे नेलं.

तो कोमट होता.